आत्महत्या, पुरुषांमधील
परिणामाची जाणीव असताना स्वतःच्या जीविताचा अंत करणे म्हणजे आत्महत्या. मृत्यूची नियमित नोंद होणाऱ्या बहुतेक सर्व देशांत आत्महत्येने मरणाऱ्यांमध्ये पुरुषांची संख्या स्त्रियांपेक्षा अधिक आढळते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये जगात सु. ७ लक्ष ३ हजार व्यक्ती आत्महत्येने मरण पावल्या. वयोरचनेतील फरक वजा जाता हे प्रमाण दर लक्ष पुरुषांमागे १२·६ व दर लक्ष स्त्रियांमागे ५·४ इतके होते. पूर्व युरोपातील काही देशांत एका स्त्रीमागे पाच किंवा अधिक पुरुष असे प्रमाण आढळले आहे. भारतात ते त्याहून बरेच कमी आहे. तर चीनमध्ये विसाव्या शतकाच्या अखेरीस ते उलटे, म्हणजे स्त्रियांकडे झुकलेले होते. यावरून पुरुषांचे आधिक्य हा निसर्गाचा अचल नियम नसून पुरुषावर समाजाने टाकलेली जबाबदारी, आपत्काळी त्याला मोकळे असणारे मार्ग, घातक साधनांची उपलब्धता आणि मृत्यूची गणना करण्याची रीत यांवर ते अवलंबून असते, हे स्पष्ट होते. महाराष्ट्रातील शेतकऱ्यांच्या आत्महत्यांचा इतिहास या विधानाचे सर्वांत बोलके उदाहरण होय.

मोजणी : आत्महत्येचे प्रमाण सामान्यतः दर लक्ष लोकसंख्येमागे दरवर्षी होणारे मृत्यू असे सांगितले जाते. वृद्धांची संख्या अधिक असलेल्या देशाची तरुण लोकसंख्येच्या देशाशी तुलना करताना वयोरचनेनुसार दुरुस्ती करावी लागते. तथापि खरी अडचण नोंदीची असते. ज्या समाजात अशा मृत्यूमुळे कुटुंबास कलंक लागतो अथवा पोलिसांचा ससेमिरा मागे लागतो, तेथे तो अपघात किंवा आजार म्हणून नोंदविला जातो. भारतात या मृत्यूंची वार्षिक आकडेवारी पोलीस-नोंदींवरून तयार होते. तिचे संकलन १९६७ पासून उपलब्ध असून १९८६ मध्ये स्थापन झालेला राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभाग ती प्रसिद्ध करतो. या विभागाने २०१० साली १,३४,५९९ मृत्यू नोंदविले. त्यांत ८७,१८० पुरुष व ४७,४१९ स्त्रिया होत्या. घरोघरी जाऊन मृत्यूच्या कारणांची चौकशी करणाऱ्या एका राष्ट्रव्यापी पाहणीने मात्र त्याच वर्षासाठी पंधरा वर्षांवरील व्यक्तींच्या सु. १,८७,००० आत्महत्यांचा अंदाज दिला (२०१२). त्यांत पुरुष सु. १,१४,८०० व स्त्रिया सु. ७२,१०० होत्या. म्हणजे पोलीस-नोंदींत पुरुषांचे सु. तीन-चतुर्थांश, तर स्त्रियांचे सु. दोन-तृतीयांश मृत्यूच आले. नवविवाहितेचा अनैसर्गिक मृत्यू हा सासरच्या मंडळींवरील गुन्ह्याचा विषय होऊ शकत असल्याने तो लपविला जाण्याचा संभव अधिक असतो. सारांश, नोंदींत दिसणाऱ्या पुरुषाधिक्याचा काही भाग मोजणीनेच निर्माण केलेला असतो. राज्याराज्यांतील तुलनाही याच कारणाने जपून करावी लागते. २०२२ मध्ये केरळात दर लक्ष लोकसंख्येमागे २८·५ व महाराष्ट्रात सु. १८ आत्महत्या नोंदल्या गेल्या, तर बिहारमध्ये हा आकडा एकापेक्षाही कमी होता. एवढी तफावत केवळ सुखदुःखाच्या भिन्नतेतून संभवत नाही.

पारंपरिक दृष्टी : भारतीय धर्मशास्त्राने आत्मघात निषिद्ध मानला, परंतु स्वेच्छेने देह ठेवण्याचे काही प्रकार त्यापासून वेगळे केले. प्रायोपवेशन, जैन परंपरेतील सल्लेखना आणि महाराष्ट्राला ज्ञानेश्वरांच्या आळंदी येथील समाधीमुळे (१२९६) परिचित असलेली संजीवन समाधी यांना आत्मघात म्हणत नाहीत. या प्रकारांमागील समान कल्पना कृतार्थतेची आहे : ज्याचे कर्तव्य पुरे झाले, त्याने देहाचा निरोप घ्यावा. विनायक दामोदर सावरकर यांनी १९६६ मध्ये केलेल्या प्रायोपवेशनाचे समर्थनही याच भूमिकेतून झाले. स्त्रीच्या बाबतीत मात्र परंपरेने गौरविलेले मरण सतीचे, म्हणजे पतीच्या मरणाशी बांधलेले होते. १८२९ मध्ये बंगाल इलाख्यात कायद्याने त्यावर बंदी आली. आधुनिक काळातील पुरुषांच्या आत्महत्या या कृतार्थतेच्या नेमक्या विरुद्ध टोकाच्या आहेत. कर्तव्य संपले म्हणून नव्हे, तर ते पार पाडता आले नाही या जाणिवेतून त्या घडतात.

अभ्यासाचा इतिहास : एकोणिसाव्या शतकात युरोपातील राष्ट्रांनी मृत्यूची सांख्यिकी ठेवण्यास प्रारंभ केल्यावर हा विषय नीतिशास्त्राच्या कक्षेतून समाजशास्त्राच्या कक्षेत आला. इटालियन वैद्य एन्रीको मॉर्सेल्ली यांनी १८७९ मध्ये व पुढे चेकोस्लोव्हाकियाचे पहिले अध्यक्ष झालेले टॉमाश मासारिक यांनी १८८१ मध्ये आत्महत्येवर ग्रंथ लिहिले. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमील द्यूरकेम (१८५८–१९१७) यांच्या १८९७ च्या ग्रंथाने या अभ्यासाचा पाया घातला. व्यक्ती समाजाशी किती बांधली गेली आहे आणि समाज तिच्या इच्छांना किती मर्यादा घालतो, यांवर आत्महत्येचे प्रमाण अवलंबून असते, असे त्यांचे प्रतिपादन होते. तत्कालीन युरोपात एका स्त्रीमागे तीन ते चार पुरुष आत्महत्या करीत. स्त्रिया सार्वजनिक जीवनात कमी गुंतलेल्या असल्याने त्या जीवनातील उलथापालथीचा आघात त्यांना कमी बसतो, अशी उपपत्ती त्यांनी मांडली. आशियातील पुढील आकडेवारीने ही उपपत्ती अपुरी ठरविली. कारण घराबाहेरील जीवनात सर्वांत कमी वाटा असलेल्या ग्रामीण तरुण स्त्रियांतच चीन व भारत येथे मोठे प्रमाण आढळले. तथापि आर्थिक उलथापालथीने नियमहीनता येते व तिचा भार प्रामुख्याने पुरुषांवर पडतो, हे त्यांचे निरीक्षण टिकून राहिले आहे.

अनेक देशांत स्त्रियांमध्ये आत्महत्येचे प्रयत्न अधिक व पुरुषांमध्ये मृत्यू अधिक असे चित्र दिसते. पुरुषांकडून अधिक घातक साधनांचा वापर, मद्यपान, मनातील दुःख बोलून न दाखविण्याची सवय आणि उपचारासाठी जाण्यातील संकोच ही त्याची कारणे सांगितली जातात. ही कारणे खरी असली, तरी ती सर्व देशांत सारख्याच बळाने काम करीत नाहीत.

देशोदेशींचे अनुभव : रशियातील उदाहरण मद्य व आर्थिक विघटन यांचा परिणाम दर्शविते. १९८५ मध्ये सोव्हिएट संघात मिखाईल गोर्बाचॉव्ह यांच्या राजवटीत मद्यविरोधी मोहीम सुरू झाली. १९८४ ते १९८८ या काळात तेथील पुरुषांच्या आत्महत्या सु. ४० टक्क्यांनी घटल्या. मोहीम ओसरली, १९९१ मध्ये संघराज्य विसर्जित झाले, कारखाने बंद पडले आणि १९९४ च्या सुमारास रशियात दर लक्ष पुरुषांमागे सत्तरांहून अधिक आत्महत्या होऊ लागल्या. स्त्रियांचे प्रमाण या सर्व काळात तुलनेने थोडेच हलले. एकाच देशात, एकाच दशकात, पुरुषांचाच आकडा एवढा खाली व वर जावा, ही गोष्ट जन्मजात स्वभावाने स्पष्ट होत नाही.

जपानमध्ये १९९७ साली २४,३९१ आत्महत्या झाल्या होत्या. आशियाई आर्थिक संकटानंतर १९९८ मध्ये ही संख्या एकदम ३२,८६३ वर गेली व २०११ पर्यंत दरवर्षी तीस हजारांच्या वर राहिली. या वाढीत नोकरी गमावलेल्या अथवा छोटे धंदे बुडालेल्या मध्यमवयीन पुरुषांचा वाटा मोठा होता. आत्महत्या हा व्यक्तीचा खाजगी प्रश्न नसून समाजाचा प्रश्न आहे, असे मानणारा मूलभूत कायदा तेथे २००६ मध्ये झाला. त्याच वर्षी ग्राहककर्जे देणाऱ्या सावकारी पेढ्यांच्या व्याजावर मर्यादा घालणारी सुधारणा झाली व बहुकर्जबाजारी लोकांसाठी सल्लाकेंद्रे उघडण्यात आली. २०१९ पर्यंत संख्या २०,१६९ वर उतरली. फिनलंडने १९८७ च्या सुमारास वर्षभरातील सर्व आत्महत्यांची तपशीलवार चौकशी करून राष्ट्रीय कार्यक्रम आखला; १९९० मध्ये शिखरास गेलेले तेथील प्रमाण पुढील पाव शतकात सु. निम्म्यावर आले.

चीनमध्ये १९९५–९९ या काळात स्त्रियांचे प्रमाण पुरुषांपेक्षा सु. एक-चतुर्थांशाने अधिक आणि ग्रामीण भागाचे प्रमाण शहरांच्या तिप्पट होते. पुढे ग्रामीण तरुणी शहरांतील कामांकडे वळल्या, सासरघरच्या कोंडीतून त्यांना बाहेरची वाट मिळाली, शेतघरात साठविल्या जाणाऱ्या विषारी औषधांशी त्यांचा संबंध कमी झाला आणि प्रमाण झपाट्याने उतरले. त्यानंतर चीनमध्येही पुरुषांचे आधिक्य दिसू लागले. श्रीलंकेत १९९५ मध्ये दर लक्ष लोकसंख्येमागे सु. ४७ आत्महत्या होत. अतिविषारी कीटकनाशकांवर १९९५ व १९९८ मध्ये निर्बंध आल्यानंतर दहा वर्षांत हे प्रमाण निम्म्यावर आले. क्षणिक आवेगाच्या वेळी घातक साधन हाताशी नसेल, तर पुष्कळ जीव वाचतात व त्यांतील बहुसंख्य पुढेही जगतात, हा या अनुभवाचा अर्थ होय.

भारतातील स्थिती : राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकडेवारीनुसार २०१४ मध्ये देशात १,३१,६६६ आत्महत्या झाल्या, त्यांत ८९,१२९ पुरुष व ४२,५२१ स्त्रिया होत्या. २०२२ मध्ये एकूण संख्या १,७०,९२४ झाली. तीत पुरुष १,२२,७२४ व स्त्रिया ४८,१७२ होत्या. आठ वर्षांत स्त्रियांची संख्या सु. १३ टक्क्यांनी, तर पुरुषांची सु. ३८ टक्क्यांनी वाढली. मृतांपैकी चतुर्थांशाहून अधिक व्यक्ती रोजंदारीवर जगणाऱ्या होत्या. शेतीक्षेत्रातील मृत्यू ११,२९० म्हणजे एकूणांच्या सु. ६·६ टक्के होते. त्यामुळे भारतातील पुरुषांची आत्महत्या म्हणजे शेतकऱ्याची आत्महत्या, हे समीकरण बरोबर नाही. मात्र शेतीक्षेत्रातील मृत्यूंपैकी ४,२४८ एकट्या महाराष्ट्रातील होते व राज्यांमध्ये तो आकडा सर्वांत मोठा होता. दुसरीकडे भारतीय स्त्रियांचे प्रमाणही जगाच्या मानाने जास्त आहे. २०१६ च्या एका अंदाजानुसार जगातील स्त्रियांच्या आत्महत्यांपैकी ३६·६ टक्के, तर पुरुषांच्या आत्महत्यांपैकी २४·३ टक्के भारतात घडल्या. भारतातील लिंगगुणोत्तर कमी दिसते, ते पुरुष सुखी असल्यामुळे नव्हे, तर स्त्रियांचे प्रमाणही मोठे असल्यामुळे होय.

महाराष्ट्रातील इतिहास : कर्जबाजारीपणा हा महाराष्ट्रातील शेतकऱ्याचा जुना सोबती आहे, परंतु त्याची परिणती सर्व काळी सारखी झाली नाही. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल करून कर्जखते हिसकावली व जाळली. हे लोण पुणे आणि अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरले. चौकशी-आयोगानंतर १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य अधिनियम संमत झाला. त्या उठावात कर्ज हा गावाचा सामाईक प्रश्न होता, धनको डोळ्यांसमोर होता व कागद जाळला की ऋण मिटेल अशी समजूत होती. शंभर वर्षांनंतर, १९८० मध्ये त्याच जिल्ह्यातील चाकण येथे कांद्याच्या भावासाठी शरद जोशी (१९३५–२०१५) यांच्या नेतृत्वाखाली आंदोलन झाले व शेतकरी संघटना उदयास आली. तोटा हा शेतकऱ्याच्या नालायकीचा नव्हे, तर धोरणाचा परिणाम आहे, हा तिचा मुख्य सिद्धांत होता. आत्महत्येच्या दृष्टीने त्याचे महत्त्व असे, की त्याने अपयशाची लाज एकट्या माणसाच्या माथ्यावरून खाली उतरविली.

यवतमाळ जिल्ह्यातील चिलगव्हाण (ता. महागाव) येथील साहेबराव करपे या शेतकऱ्याचा १९ मार्च १९८६ रोजी कुटुंबासह झालेला मृत्यू ही महाराष्ट्रातील शेतकऱ्याची पहिली जाहीर झालेली आत्महत्या मानली जाते व त्या दिवशी अनेक ठिकाणी अन्नत्याग करून तिचे स्मरण केले जाते. ‘पहिली’ हा शब्द येथे प्रतीकात्मक समजावा. कारण शेती करणाऱ्यांच्या आत्महत्यांची स्वतंत्र आकडेवारी १९९५ पासूनच मिळते. त्या वर्षी महाराष्ट्रात अशा १,०८३ नोंदी झाल्या. २००६ मध्ये त्या ४,४५३ होत्या. मुंबईच्या इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेतील अर्थशास्त्रज्ञ श्रीजित मिश्रा यांनी राज्य शासनासाठी २००६ मध्ये केलेल्या अभ्यासात १९९५ ते २००४ या काळात पुरुष शेतकऱ्यांमधील आत्महत्येचे प्रमाण तिपटीहून अधिक वाढल्याचे दाखविले. राज्यातील सर्व पुरुषांच्या प्रमाणात तेवढी वाढ झालेली नव्हती. टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई उच्च न्यायालयास २००५ मध्ये सादर केलेल्या अहवालातही पीक बुडणे, कर्जाचा वाढता बोजा व आधार देणाऱ्या यंत्रणांचा अभाव यांवर बोट ठेवले होते.

या मृत्यूंचे केंद्र पश्चिम विदर्भातील अमरावती, अकोला, यवतमाळ, वाशिम, बुलढाणा व शेजारचा वर्धा या कापूस पिकविणाऱ्या जिल्ह्यांत होते. कापसाचे बहुतांश क्षेत्र पावसावर अवलंबून होते. १९७२ पासून चालू असलेली राज्याची कापूस एकाधिकार खरेदी योजना २००२ नंतर व्यवहारतः संपुष्टात आली. बियाणे, खते व औषधे यांचा रोख खर्च वाढला. सहकारी संस्थांची थकबाकी झाल्यावर नवे कर्ज मिळणे बंद होई आणि शेतकरी कृषिसेवा केंद्राचा दुकानदार, नातेवाईक व खाजगी सावकार यांच्याकडे वळे. १८७५ मध्ये धनको एक होता. येथे तो अनेक रूपांत विखुरलेला होता व त्याच्याविरुद्ध एकत्र येणे अवघड होते. शेतकरी संघटनेचा विदर्भातही मोठा प्रभाव होता. तथापि १९९० नंतर तिच्यात फाटाफूट होत गेली. संघटना हे एकटे कवच पुरेसे ठरले नाही.

भौगोलिक भिन्नता : कळंब या एकाच नावाच्या तीन गावांवरून राज्यातील ही विषमता ध्यानात येते. पुणे जिल्ह्याच्या आंबेगाव तालुक्यातील कळंब घोड नदीच्या काठी, पुणे–नाशिक महामार्गावर आहे. कुकडी प्रकल्पातील डिंभे धरणाचे पाणी, जवळची मंचर व नारायणगावची बाजारपेठ आणि पुणे-मुंबईची मागणी यांमुळे आंबेगाव व जुन्नर तालुक्यांच्या मध्य व पूर्व भागांत कांदा, बटाटा, टोमॅटो व ऊस ही नगदी पिके वर्षातून एकाहून अधिक हंगामांत घेता येतात. दुसरे कळंब यवतमाळ जिल्ह्यात, कोरडवाहू कापसाच्या मुलखात तालुक्याचे ठिकाण आहे. तिसरे मराठवाड्यात धाराशिव जिल्ह्यात, अवर्षणप्रवण पट्ट्यात आहे. शासकीय मदतीसाठी नोंदल्या गेलेल्या प्रकरणांत अमरावती व छत्रपती संभाजीनगर या दोन महसुली विभागांचा, म्हणजे दुसऱ्या व तिसऱ्या कळंबच्या मुलखाचा, वाटा सर्वांत मोठा राहिला आहे. पुणे विभागाचा वाटा त्या मानाने लहान व कोकणाचा अत्यल्प आहे.

घोडकाठचा शेतकरी कर्जमुक्त आहे, असा याचा अर्थ नाही. टोमॅटो वा कांद्याचा भाव कोसळला म्हणजे त्याचेही भांडवल बुडते. परंतु एक पीक गेल्यास त्याच वर्षी दुसरे घेता येते, दूध व बाजार यांतून रोख पैसा फिरतो, सोसायटीचे कर्ज फिरते राहते आणि घरातील एखादा मुलगा चाकणच्या कारखान्यात अथवा मुंबईत मिळवता असतो. कोरडवाहू कापूस वर्षातून एकदाच येतो व तो गेला की वर्ष जाते. आपत्ती दोन्हीकडे येते. सावरण्यास मिळणारा अवधी सारखा नसतो. मात्र पाणी हे एकमेव स्पष्टीकरण मानता येत नाही. कारण सुशिक्षित व आरोग्यसेवांनी संपन्न केरळातही पुरुषांचे प्रमाण देशात वरच्या श्रेणीचे आहे.

सातबारा आणि गणना : महाराष्ट्रातील शेतकऱ्यांच्या आत्महत्यांत पुरुषाधिक्य सर्वाधिक का, याचे उत्तर बऱ्याच अंशी सातबाराच्या उताऱ्यात सापडते. जमीन ज्याच्या नावे, पीककर्ज त्याच्या नावे; कर्ज ज्याच्या नावे, वसुलीची नोटीस त्याच्या नावे. मुलीचे लग्न, भावाचे शिक्षण, आईवडिलांचे आजारपण यांची जबाबदारीही रूढीने त्याच्याकडेच येते. कुटुंबाची पत व अब्रू एका माणसाच्या नावात गोळा होते आणि हंगाम फसला की तीही त्याच नावाबरोबर बुडते. २०२२ मध्ये देशात शेतकरी म्हणून नोंदल्या गेलेल्या ५,२०७ मृतांपैकी ४,९९९, म्हणजे सु. ९६ टक्के पुरुष होते. शेतमजुरांत, जेथे जमिनीच्या मालकीचा प्रश्न नसतो, ६,०८३ पैकी ५,४७२ म्हणजे ९० टक्के पुरुष होते.

याच कागदामुळे गणनेत एक मोठा दोषही शिरतो. पेरणी, खुरपणी व वेचणी ही कामे स्त्रिया करतात. परंतु २०१५–१६ च्या कृषिगणनेनुसार देशातील वहितीधारकांत स्त्रिया सु. १४ टक्केच होत्या. शेतात राबणाऱ्या पण नावावर जमीन नसलेल्या स्त्रीने जीव दिला, तर तिची नोंद ‘शेतकरी’ या रकान्यात न होता बहुधा ‘गृहिणी’ या रकान्यात होते. २०२२ मध्ये आत्महत्या केलेल्या स्त्रियांपैकी २५,३०९, म्हणजे निम्म्याहून अधिक, याच रकान्यात होत्या. त्यांतील कितींच्या मरणामागे शेतीचे कर्ज होते, हे त्या आकड्यावरून कळत नाही. जो कागद पुरुषाला ओझे देतो, तोच स्त्रीचे ओझे अदृश्य करतो.

शासनाने आत्महत्याग्रस्त कुटुंबास एक लक्ष रुपयांची मदत देण्याचे धोरण ठेवले. त्यासाठी मृताच्या वा कुटुंबाच्या नावे जमीन, मान्यताप्राप्त संस्थेचे कर्ज आणि परतफेडीचा तगादा यांचे पुरावे पाहून प्रकरण ‘पात्र’ अथवा ‘अपात्र’ ठरविण्यात येते. खंडाने किंवा बटाईने जमीन करणाऱ्याच्या, अथवा केवळ सावकाराचे कर्ज असलेल्याच्या कुटुंबास त्यामुळे पात्रता सिद्ध करणे कठीण जाते. पतीच्या मृत्यूनंतर विधवेला त्याच कागदांसाठी तलाठी, बँक व तहसील कार्यालय यांच्याकडे खेपा घालाव्या लागतात. जमीन सासऱ्याच्या नावे असल्यास वारसनोंदीचा प्रश्न निराळा उभा राहतो. महिला किसान अधिकार मंचाने २०१८ मध्ये विदर्भ व मराठवाडा येथील अशा ५०५ स्त्रियांची पाहणी केली, तेव्हा सु. ४० टक्के स्त्रियांना पती कसत असलेल्या जमिनीवर हक्क मिळालेला नव्हता. शेतकरी संघटनेने १९९० च्या सुमारास चालविलेली ‘लक्ष्मीमुक्ती’ ही पत्नीच्या नावे जमीन करून देण्याची मोहीम या दृष्टीने दूरदर्शी होती. ती स्त्रीच्या न्यायासाठी होती. परंतु ओझे वाटून घेण्याचा तो पुरुषाच्याही हिताचा मार्ग होता.

कायदा : भारतीय दंडसंहितेच्या ३०९ व्या कलमाने आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा ठरविला होता. एका पोलीस शिपायाच्या प्रकरणात (मारुती श्रीपती दुबळ विरुद्ध महाराष्ट्र राज्य) मुंबई उच्च न्यायालयाने १९८६ मध्ये हे कलम घटनाबाह्य ठरविले. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये तसाच निर्णय दिला; पण १९९६ मध्ये घटनापीठाने तो फिरविला. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियमाने प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र मानसिक ताणाखाली होती असे गृहीत धरून तिला शिक्षेऐवजी उपचार देण्याची जबाबदारी शासनावर टाकली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्यायसंहितेत ते जुने कलम नाही. लोकसेवकास त्याच्या कर्तव्यापासून रोखण्यासाठी केलेला प्रयत्न मात्र दंडनीय आहे. गुन्ह्याची भीती दूर झाल्याने रुग्णालयात खरे कारण सांगणे व पुढील मदत मागणे सुकर होते.

उपाययोजना : महाराष्ट्रात २००६ मध्ये विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची केंद्रीय योजना जाहीर झाली, २००८ मध्ये केंद्राची, २०१७ व २०१९ मध्ये राज्याची कर्जमाफी झाली, २०१४ मध्ये सावकारीच्या नियमनासाठी नवा अधिनियम आला. कर्जमाफीने साचलेला बोजा उतरतो. पण बाजारभाव, पाणी व पतपुरवठा तसेच राहिल्यास तो पुन्हा साचतो आणि सावकाराचे कर्ज तिच्या कक्षेत येत नाही. मानसिक आरोग्याच्या बाजूने राज्य शासनाने २०१५ मध्ये ‘प्रेरणा’ प्रकल्प सुरू केला. अमरावती जिल्ह्यातील तीस गावांत राबविलेल्या ‘विश्राम’ या कार्यक्रमाचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. गावातील प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी घरी जाऊन बोलणे सुरू केल्यावर नैराश्यग्रस्तांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण दीड वर्षात ४·३ टक्क्यांवरून २७·२ टक्क्यांवर गेले व आत्महत्येचे विचार येणाऱ्यांचे प्रमाण ५·२ टक्क्यांवरून २·५ टक्क्यांवर आले. ग्रामीण माणूस मनातील बोलत नाही, ही समजूत यामुळे शिथिल झाली. विचारणारा दारी आला, तर तो बोलतो, असे दिसून आले. केंद्र शासनाने २०२२ मध्ये जाहीर केलेल्या राष्ट्रीय धोरणात २०३० पर्यंत आत्महत्यांचे प्रमाण दहा टक्क्यांनी घटविण्याचे उद्दिष्ट आहे. त्याच वर्षी सुरू झालेल्या ‘टेली-मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही विनामूल्य समुपदेशन मिळते.

पुरुषांच्या आत्महत्येचे प्रमाण वाढलेल्या देशांत ते बहुधा अशा वेळी वाढले, जेव्हा मिळवत्या माणसाची मिळकत गेली आणि तरीही सर्व जबाबदारी त्याच्याच नावे राहिली. रशियातील कामगार, जपानमधील छोटा व्यावसायिक व विदर्भातील कापूस-उत्पादक यांच्या परिस्थितीत हा समान धागा आहे. प्रमाण जेथे उतरले, तेथे स्वभाव बदलल्याने नव्हे, तर व्याजाला मर्यादा, घातक साधनांना आळा, मद्यावर नियंत्रण आणि वेळीच विचारपूस करणारी यंत्रणा यांमुळे उतरले. महाराष्ट्रापुरते पाहता, कर्जाच्या उताऱ्यावरील एकट्या नावाचे ओझे कुटुंबात, सहकारात व शासनात वाटले जाणे आणि शेतात राबणाऱ्या प्रत्येकाची, मग तो पुरुष असो वा स्त्री, शेतकरी म्हणून गणना होणे, या दोन गोष्टी परस्परांशी निगडित आहेत.